धुतलेली खुर्ची

१

आमच्याकडे लाकडी खुर्च्या धुतात. नुसत्या पुसत नाहीत, चांगल्या साबणाने धुतात. मार्च संपत आला, ऊन पुन्हा बैठकीच्या खोलीत आतपर्यंत यायला लागलं, की मी बादली काढते. साबणाचा कीस कोमट पाण्यात विरघळवायचा, फडकं बुडवून घट्ट पिळायचं आणि लाकडाच्या रेषेने पुसत जायचं. आडवं पुसायचं नाही. आडवं पुसणाऱ्या बायका आमच्या गल्लीत आहेत. मी नावं घेत नाही, पण त्यांच्या खुर्च्या बघितल्या की कळतं.

मी ओसे. स्वेनबोर्गमध्ये चढावरच्या पिवळ्या घरात राहते, खिडकीतून बंदर दिसतं. माझं तोंड फटकळ आहे असं सगळे म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला मी तिथल्या तिथे उत्तर देते. पण आता जे सांगते आहे ते डोकं ठिकाणावर ठेवून सांगते आहे. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. चर्चमध्येसुद्धा मी नाताळपुरतीच जाते.

खुर्ची ओकच्या लाकडाची आहे. हात रुंद आणि पुढे निमुळते होत गेलेले. तळवा टेकवला की बोटं आपोआप टोकाला वळतात. बैठक कागदी दोरीने विणलेली. आमच्या तरुणपणी सगळ्या डेन्मार्कला असल्या खुर्च्यांचं वेड लागलं होतं. आता परदेशातली माणसं म्हाताऱ्यांच्या दारात उभी राहून विचारतात, विकायची आहे का. आम्ही ती लग्नाच्या वर्षी घेतली. कुठल्या दुकानातून, ते मेरेतेला विचारा, आमच्या मुलीला. तिला सगळं पाठ असतं.

त्या खुर्चीत माझा नवरा बसायचा, टोर्किल. फक्त टोर्किल. तसा काही कायदा नव्हता, पण पाहुणासुद्धा तिच्याकडे एकदा बघून गुपचूप सोफ्यावर जाऊन बसायचा. मीही कधी बसले नाही. टोर्किल बेटांवर जाणाऱ्या फेरीबोटीचं इंजिन सांभाळायचा. ते काळं तेल त्याच्या कातड्यात इतकं मुरलेलं, की आंघोळ करून बसला तरी खुर्चीच्या हातांवर दोन डाग पडायचे. दर वर्षी मी ते धुवून फिके करायची आणि दर वर्षी तो बसून बसून पुन्हा गडद करायचा. त्यावरून आमची भांडणं व्हायची. म्हणजे भांडायची मी एकटीच, तो शीळ घालत बसायचा.

२

गेल्या ऑक्टोबरात टोर्किलला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. विसरण्याचा आजार. रिकामी किटली शेगडीवर ठेवून तो बंदरावर निघून गेला आणि तिथे उभा राहून आपली बोट शोधू लागला, तेव्हा मी हात टेकले.

वृद्धाश्रमात खोली रिकामीच मिळते. पलंग तेवढा त्यांचा, बाकी सामान आपण घरून न्यायचं, म्हणजे माणसाला परकं वाटत नाही. मी त्याचा दिवा नेला, पुस्तकांचं कपाट नेलं, बोटीचं चित्र नेलं. जावयाच्या तळघरातली एक मऊ, पाय वर करायची खुर्ची नेली.

"आणि बाबांची खुर्ची?" मेरेतेने विचारलं.

"ती जड आहे."

जड कसली डोंबलाची. मी एका हाताने उचलते. पण ती गेली असती तर बैठकीच्या खोलीत उरलं काय असतं? सोफा आणि मी.

हिवाळाभर ती खिडकीजवळ रिकामी होती. तिच्यावर कुणी बसलं नाही, हे मी शपथेवर सांगते. मग ऊन आलं, मी बादली काढली, खुर्चीच्या उजव्या हातावरून फडकं फिरवून पिळलं, तर पाणी काळं झालं. दर वर्षी होतं तसं मळकट नाही. काळंकुट्ट.

ओकला लोखंड लागलं की ते काळं पडतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बादलीला गंज धरला असेल, असं म्हणून मी प्लास्टिकची बादली घेतली. पाणी पुन्हा काळं. मग मला चेवच चढला. किती काळं आहे ते बघतेच, म्हटलं, आणि पाणी बदलत बदलत घासत राहिले. शेवटी डाग फिके झाले. कंबर मोडली, पण खोलीत धुतलेल्या लाकडाचा वास सुटला आणि मी स्वतःवर खूश झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी टोर्किलकडे गेले. डगला काढला, फुलं पाण्यात ठेवली, कॉफी ओतली, आणि कितीतरी वेळ मला कळेना की खोलीत काय चुकतंय. सगळं जागच्या जागी होतं. नुसतं फार शांत होतं.

मग लक्षात आलं. तो शीळ घालत नव्हता. आजार झाल्यावर नावं गेली, वार गेले, पण शीळ कधी गेली नव्हती.

"टोर्किल, शीळ घाल की रे."

त्याने ओठ थोडे उघडले आणि मिटले. "ते कसं करायचं असतं?" त्याने मला विचारलं.

३

त्याच आठवड्यात डाग परत आले. मी वर्तमानपत्र घ्यायला खिडकीशी गेले आणि बघितलं. दोन्ही हातांवर, आधी होते त्याच जागी. फक्त आता ते नुसते गोल डाग नव्हते. बोटं वेगळी दिसत होती.

ओल आतून वर आली असेल. लाकूड फार भिजवलं की असं होतं. मी स्वतःला चार शिव्या दिल्या, पुन्हा साबण किसला आणि पुन्हा धुतली. डाग दिसला आणि धुतला नाही, असं मला जमत नाही, माझा स्वभावच तसा आहे. पाणी आधीसारखंच काळं निघालं. मोरीत ओतताना ते सावकाश गेलं.

नंतरच्या भेटीला मेरेते माझ्याबरोबर होती. टोर्किलने माझ्याकडे बघून मान हलवली आणि मग तिच्याकडे बोट करून हळूच विचारलं, "या बाई कोण?"

मेरेते हसली, काहीतरी बोलली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला कपाळ लावून रडली. पन्नाशीची बाई, शाळेची मुख्याध्यापिका. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण आमच्या घरात ते कुणाला नीट येत नाही. मी तिच्या हातात रुमाल दिला.

डॉक्टर म्हणाले, हा आजार उतारासारखा नाही, जिन्यासारखा उतरतो. बरेच दिवस माणूस एका पायरीवर असतो, मग एकदम खालच्या. पटण्यासारखं होतं. मला पटलंही होतं. घरी येताना बसमध्ये मात्र एकच विचार डोक्यात बसला आणि हलेना. दोन वेळा धुतली, दोन पायऱ्या उतरला.

असं कुणाला सांगून बघा. मी कुणाला सांगितलं नाही.

४

मी धुणं बंद केलं. काय बिघडतंय, म्हटलं, एक वर्ष खुर्ची मळकी राहिली तर. सोफ्यावर बसून विणकाम करायची आणि समोरची खुर्ची रोज थोडी थोडी काळवंडताना बघायची. आधी हात. मग पाठीची वरची पट्टी, जिथे तो मान टेकायचा. लाकडावर नेमकं काळं कधी चढतं ते मला कधीच दिसलं नाही. नजर वळवून पुन्हा बघितलं की वाढलेलं असायचं.

आणि आवाज. कागदी दोरीवर माणूस बसलं की ती एकदा कुरकुरते आणि गप्प होते. आयुष्यभर मी तो आवाज स्वयंपाकघरातून ऐकला. तो आला की कॉफी ओतायची, असं ठरलेलं. आता दिवे लावायच्या वेळेला तो पुन्हा यायला लागला. हीटरने दोरी सुकते, आखडते, वाजते. हे मी भांडी घासता घासता मोठ्याने म्हटलं. बोलून वळले तर टेबलावर मी दोन कप काढून ठेवले होते.

पण टोर्किल सुधारला! नाही म्हणू नका, वृद्धाश्रमातल्या डॉरिटनेही बघितलं. डॉरिट त्याची देखभाल करते, गाल लाल, आवाज खणखणीत. "ओसेबाई, आज स्वारी खुशीत आहे हं!" ती जिन्यातूनच ओरडली. तो शीळ घालत होता. राईच्या काळ्या पावावर काकडीचं लोणचं मागून खाल्लं. मेरेते आली तर म्हणाला, "केस कापलेस का गं?" आणि ती पुन्हा व्हरांड्यात पळाली, पण या वेळी हसत.

त्या दिवशी निघताना त्याने माझी बाही धरली.

"घरी माझ्या जागेवर कोण बसतं?"

"कुणी नाही रे."

"मग मीच असेन," तो म्हणाला, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला.

घरी आले. डगल्यासकट बैठकीच्या दारात उभी राहिले. ऊन तिरपं पडलं होतं. खुर्चीची विणलेली बैठक मधोमध खाली दबलेली होती, जशी त्याच्या वजनाने दबायची तशी. वर काहीच नव्हतं. मी "टोर्किल" म्हटलं, आणि दोरी हळूहळू वर येऊन सपाट झाली.

५

घाबरले का? घाबरले. पण त्याहून जास्त मला वाईट वाटलं. तो थोडा तिथे, थोडा इथे, असा फाटल्यासारखा राहत होता, आणि कशासाठी? बायकोला रिकामी खोली सोसत नाही म्हणून. खुर्ची त्याची होती. ती त्याच्याखाली असायला हवी होती. मला तो एका जागी, सगळाच्या सगळा हवा होता. जेवढा उरला असेल तेवढा.

रविवारी मेरेते आणि फ्रोडे जेवायला आले. फ्रोडे म्हणजे जावई. चांगला आहे, पण विनोद करतो.

"शनिवारी तुझी गाडी आण, मागे ट्रेलर लाव," मी म्हटलं. "खुर्ची टोर्किलकडे न्यायची."

"आता जड नाही वाटत?" मेरेते म्हणाली.

"नाही वाटत."

"सासूबाई, ती कळकट वस्तू?" फ्रोडे खुर्चीभोवती फिरला. "वर बटाटे लावले तर उगवतील."

"तुझ्या गाडीत बसून आजपर्यंत मी नाक धरलं का? मग गप्प बस."

सगळे हसले. मेरेतेने खुर्चीच्या हातावरून बोट फिरवून बघितलं आणि ते नॅपकिनला पुसलं. तिला हात लावू नकोस, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण का, म्हणून विचारलं असतं तर काय सांगणार होते मी? त्यांनी टोर्किलच्या शेजारची खोली माझ्यासाठी बघितली असती. मी बटाटे वाढले आणि विषय सोडून दिला.

६

शनिवारी सकाळी मी केस सेट करून घ्यायला गेले. हसायचं असेल तर हसा. नवरा मला ओळखणार होता, नीट दिसायला नको?

परत आले तेव्हा मागच्या अंगणातून घासल्याचा आवाज येत होता. एकसारखा, खरखर, खरखर.

मेरेते गुडघ्यांवर बसली होती. तोंडाला फडकं बांधलेलं, हातात पॉलिशपेपर. शेजारी दोन रिकाम्या बादल्या उपड्या ठेवलेल्या. आणि मध्ये, उन्हात, खुर्ची. पांढरी. ती दुकानातून आली तेव्हासुद्धा इतकी पांढरी नसेल. एकही रेघ नाही, बोटांची खूण नाही, मानेची जागा नाही. अंगणातल्या फरशीवर पिवळट भुसा पसरला होता आणि वाऱ्याने थोडा थोडा उडून कुंपणापलीकडे जात होता.

"आई, नुसत्या साबणाने निघेना!" तिने फडकं खाली ओढलं. घामाने भिजली होती, आणि लहानपणी चित्र काढून आणायची तेव्हा जशी बघायची, तशी बघत होती. "बाबांच्या खोलीत ती तशी मळकट न्यायची म्हणजे... तिथे बाकीच्यांच्या खुर्च्या बघितल्यास ना? म्हटलं, त्यांना नवी करून देऊ. बाबांना किती आवडेल."

मी जाऊन खुर्चीच्या हातावर तळवा ठेवला. लाकूड गुळगुळीत होतं, गार होतं.

"आवडली नाही का?"

"आवडली," मी म्हटलं. "छान केलीस, पोरी."

आत जाऊन वृद्धाश्रमात फोन लावला. डॉरिट म्हणाली, सगळं ठीक आहे, काळजीचं काही नाही. सकाळपासून खूप शांत आहेत.

७

आम्ही आत गेलो तेव्हा टोर्किल उठून उभा राहिला. महिनोन्महिने त्याला आधार लागायचा, आता सहज उठला. तब्येत ठणठणीत. डोळे स्वच्छ. कपाळावरच्या आठ्या, इंजिनकडे बघून बघून पडलेल्या, त्या दिसत नव्हत्या. त्याने आमच्याकडे एकेक करून बघितलं आणि पाहुण्यांकडे बघून हसतात तसं हसला.

"या ना," तो म्हणाला. "आपण कुणाकडे आलात?"

मेरेतेने माझा दंड धरला. फ्रोडेने खुर्ची खिडकीशी ठेवली आणि खाली मान घालून उभा राहिला, विनोद केला नाही.

"सुंदर काम आहे," टोर्किल खुर्चीकडे बघून म्हणाला. "नवी का?" त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. मग माझ्याकडे वळला. "बसा ना बाई. तुम्ही फार दमलेल्या दिसता."

त्याच्या आवाजात खोटं काही नव्हतं. इतक्या मायेने तो लग्नानंतर माझ्याशी कधी बोलला नसेल. तो आत होता कुठे? मी त्याच्या डोळ्यांत शोधलं. रिकाम्या घराच्या खिडकीतून आत डोकावलं की दिसतं तेवढंच दिसलं.

मी बसले. त्या खुर्चीत, जन्मात पहिल्यांदा. दोरी एकदा कुरकुरली आणि गप्प झाली. मी माझे हात खुर्चीच्या हातांवर टेकवले आणि रडले, मुलीसमोर, जावयासमोर. टोर्किलने खिशातून रुमाल काढून दिला आणि माझं आटपेपर्यंत शेजारी उभा राहिला.

डॉक्टर म्हणाले, मोठी पायरी. मेरेतेला मी यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही. तिचे हात त्या दिवशी पॉलिशपेपरने सोलवटले होते, ते मी पाहिलेत.

८

मी रोज जायला लागले. रोज तो दार उघडायचा, रोज म्हणायचा, "बसा ना." पाहुण्याला चांगली जागा द्यायची, एवढं त्याच्यात कुणीतरी पक्कं बसवलेलं होतं. मी बसायची. तो समोरच्या मऊ खुर्चीत. बोलायला त्याच्याजवळ काही नसायचं. हवा चांगली आहे, म्हणायचा. पाऊस असला तरी.

"ओसेबाई, हात धुता की नाही?" एकदा डॉरिट फडकं मारता मारता म्हणाली. "नव्या खुर्चीला डाग पाडलेत बघा."

मी हात उचलले. खाली दोन डाग होते. लहान, अरुंद. बायकी. इंजिनाला मी कधी हात लावलेला नाही. हात माझे स्वच्छ असतात, कुणालाही विचारा.

"हाताला क्रीम लावते ना मी, त्याचे असतील," मी म्हटलं.

त्याच दुपारी टोर्किलने कप खाली ठेवला आणि बोलायला लागला. आधी मला नुसता आनंद झाला, कारण तो वाक्यामागून वाक्य बोलत होता.

"कोंबड्यांच्या खुराड्यातून मी एक अंडं चोरलं होतं. उशीखाली ठेवलं. म्हटलं, पिल्लू निघेल. सकाळी फुटलेलं. चादरभर. आईने चादर घेतली, हिरवा एप्रन बांधला, विहिरीवर धुतली. बाबांना सांगितलं नाही. माझ्याकडे बघून फक्त डोळा मारला." तो हसला. "मी पाच वर्षांची होते."

टोर्किल आरहूसला तिसऱ्या मजल्यावर वाढला. कोंबडी त्याने ताटातच पाहिली. लांगेलान बेटावर, शेतावरच्या घरात, वाढले मी. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नव्हती, त्यालाही नाही. ती माझी आणि आईची होती.

बसमध्ये मी डोळे मिटून ती आठवायचा प्रयत्न केला. खुराडं, उशी, विहीर. शब्द सगळे होते, त्याच्या आवाजात. चित्र एकही नव्हतं. आईचा एप्रन हिरवा होता, हे मला त्या दुपारी त्याच्याकडून कळलं.

९

मग मी ठरवलं, त्या खुर्चीत बसायचं नाही. मी काही वेडी नाही. मेरेते आहे, घर आहे, मी अजून माझं मला करते. मी पलंगाच्या कडेवर बसायला लागले, पाठ दुखते म्हणून सांगितलं.

तो पुन्हा विझला. दोन दिवसांत ते 'हवा चांगली आहे'सुद्धा गेलं. हात मांडीवर ठेवून तो त्यांच्याकडे बघत बसायचा, दुसऱ्या कुणाचे तरी आहेत आणि सांभाळायला दिलेत, तसा. डॉरिटने भरवलं तर खायचा. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. दुखायला आत कुणीतरी असावं लागतं. मी पलंगावरून नुसती बघत बसायची.

मग एका दुपारी, कॉफी गार होत आलेली, त्याने मान वर केली. बऱ्याच लांबून आल्यासारखा माझ्यापर्यंत आला. उरलंसुरलं ते एवढंच होतं बहुतेक.

"बसा ना," तो म्हणाला, आणि हात पुढे करून खुर्ची दाखवली.

डागांकडे मी बघितलं. मेरेतेचा विचार केला. माझ्याजवळ एवढं सगळं होतं, आणि त्याच्याजवळ काही नाही. दोघांपैकी एकानेच का सगळं धरून ठेवायचं? आणि कुणासाठी? खरं सांगायचं तर मी फार विचार केलाच नाही. तो पुन्हा बोलला असता, एवढंच मला दिसलं.

मी उठले आणि जाऊन बसले. हात नीट टेकवले, बोटं टोकाला वळवली. दोरी वाजली.

"डॉरिट," मी म्हटलं, "ही खुर्ची कुणी धुवायची नाही. कधीच नाही. मी म्हटलंय म्हणून सांग सगळ्यांना."

"बरं बाई," डॉरिट म्हणाली.

१०

आता तो खूप बोलतो. वृद्धाश्रमातल्या बायका त्याच्या दारात येऊन उभ्या राहतात, इतकं छान सांगतो. फटकळ झालाय, पण मजेशीर. परवा डॉरिटला म्हणाला, "फडकं आडवं मारू नकोस, आडवं मारणाऱ्या बायका मला माहीत आहेत." ती हसून हसून बेजार. मीही हसले.

काल मेरेते आली होती. ती पलंगावर बसली, मी माझ्या खुर्चीत. तो एका पावाच्या दुकानाची गोष्ट सांगत होता.

"भर थंडीत रोज एक मुलगा यायचा," तो म्हणाला. "कानापर्यंत टोपी, नखं काळी. एकच पाव घ्यायचा, सर्वांत लहान, आणि अर्धा तास काउंटरसमोर उभा. बोलायचा काही नाही. नुसती शीळ. मी म्हटलं, अरे बाबा, पाव शिळा होईपर्यंत थांबणार आहेस का? तर कानापर्यंत लाल झाला. मला इतका राग आला त्याचा! आणि एक दिवस तो आलाच नाही. दिवसभर मी दाराकडे बघत राहिले."

मेरेतेचा चेहरा पांढरा पडला होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "ही तुझी गोष्ट आहे. तू आणि बाबा. तू मला झोपताना सांगायचीस."

"असेल," मी म्हटलं. तिला उगीच का दुखवायचं? बाई चांगली आहे, दर आठवड्याला येते.

गोष्ट मला आवडली होती. तो मुलगा कसा दिसत असेल, ते मी डोळ्यांसमोर आणून बघत होते. समोरचे आजोबा थांबले होते, माझ्याकडे बघत, डोळे भरून आलेले.

"मग?" मी त्यांना विचारलं. "आला का तो परत?"